समारोहात गिटार ऐकायला येतोस, तर

अरे, डिसेंबरात तानसेन समारोहाला, म्हणजे ग्वाल्हेरच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला, हजिऱ्याला (तानसेनच्या समाधीपाशी) येशील तेव्हा शाल आणच. ग्वाल्हेरची थंडी रात्री हाडात शिरते.

पं. विश्वमोहन भट्टांना मी आजवर तीनदा समोर बसून ऐकलंय. त्यांची मोहनवीणा म्हणजे मांडीवर आडवी घेतलेली, तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडलेली गिटारच. १९९४ चं ग्रॅमी त्यांना अमेरिकी गिटारवादक राय कूडरसोबत मिळालं. असं वादन ऐकताना प्रेक्षकांतून उजव्या अंगाला बस. तिथून डावा हात नीट दिसतो: बोटं तार दाबत नाहीत, पोलादी कांडी तारेवरून सरकते आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अखंड वाहते. पहिल्या वेळी मी शेवटच्या जलद भागाचीच वाट पाहत राहिलो, सुरुवातीचा संथ, तालाविना आलाप हातचा गेला. त्याची हळहळ अजून आहे. घरी गेल्यावर ब्रिजभूषण काब्रा ऐक, गिटारवर राग त्यांनी आधी रुजवला.