बावीस कार्ब्युरेटर आणि बंद केलेलं ४०१के

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, वय ४४, मिशिगनमध्ये नोव्हीला राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. पगार १,२०,००० डॉलर, पत्नीचा ५०,०००. मुलं १२ आणि ९ वर्षांची. मला जुन्या अमेरिकन मसल कारचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांचा, नाद आहे. फ्लिंटजवळचे एक निवृत्त मेकॅनिक २२ मूळ कार्ब्युरेटर एकगठ्ठा २४,००० डॉलरना द्यायला तयार आहेत. त्यांच्या यादीप्रमाणे बाजारभाव ४५,०००. त्यात १९६९ च्या शेवरले कॅमेरो झेड-२८ चा डीझेड होली, म्हणजे 'डीझेड' शिक्क्याचा होली कंपनीचा कार्ब्युरेटर आहे. मार्च १९६९ मध्ये बनलेल्या स्वतःच्या गाडीवरून त्यांनी तो उतरवून ठेवला होता. फोटो जोडतो आहे. पैसे जुन्या कंपनीतल्या ४०१के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, काढीन. (सध्याच्या कंपनीचं ४०१के मी तीन वर्षांपूर्वी थांबवलं आणि आययूएल पॉलिसीत, म्हणजे शेअर बाजाराच्या इंडेक्सशी व्याज जोडलेल्या आयुर्विम्यात, महिन्याला १,००० डॉलर भरतो, कारण ते टॅक्स-फ्री आहे. त्यामुळे निवृत्तीची सोय झालेली आहे.) हे कार्ब्युरेटर गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

उत्तर: कार्ब्युरेटरचं आधी सांगतो, कारण विचारलंत तेच. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य कंसात आहे, आणि त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

डीझेडचा फोटो चांगला स्पष्ट आला आहे. चोकच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे एअर हॉर्नवर, तीन ओळी ठोकलेल्या दिसतात. वर जीएमचा (जनरल मोटर्सचा) पार्ट नंबर ३९२३२८९ डीझेड, मध्ये लिस्ट ४०५३, म्हणजे होलीचा स्वतःचा मॉडेल नंबर, खाली ९७२. पहिल्या दोन ओळी जुळतात. १९६९ च्या झेड-२८ च्या ३०२ घन इंची इंजिनावर हाच ७८० सीएफएमचा (मिनिटाला ७८० घनफूट हवा घेणारा) होली बसत असे. घोडं पेंड खातं ते तिसऱ्या ओळीत. होलीचा त्या काळचा तारखेचा कोड असा: पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा आठवड्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला ए, डिसेंबरला बी. म्हणजे ९७२ हा १९६९ च्या जुलैचा दुसरा आठवडा. जुलैत बनलेला कार्ब्युरेटर मार्चमध्ये कारखान्यातून निघालेल्या गाडीवर मूळचा कसा असेल?

एवढ्यावरून तो नकली ठरत नाही. १९६९ चं कॅमेरो मॉडेल नेहमीपेक्षा जास्त काळ, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत बनत राहिलं, त्यामुळे जुलैचा डीझेड ऑगस्ट-सप्टेंबरच्या गाडीला अगदी चपखल बसेल. कदाचित त्या मेकॅनिकनीच कधीतरी दुसरा आणून बसवला आणि पन्नास वर्षांत ते विसरले. पण किंमत ठरवताना याने मोठा फरक पडतो. कार्ब्युरेटरची तारीख गाडीच्या तारखेच्या काही आठवडे ते महिना-दोन महिने आधीची असावी, असा शौकिनांचा आग्रह असतो. त्या वर्षी झेड-२८ बनल्या २०,३०२. त्यातल्या उन्हाळ्याच्या शेवटी बनलेल्या, आजवर टिकलेल्या, मूळ कार्ब्युरेटर हरवलेल्या आणि मालक पैसे मोजायला तयार असलेल्या किती? तुमचं गिऱ्हाईक तेवढंच. ते दोन महिन्यांत भेटेल किंवा चार वर्षांत.

शिवाय फोटोवर विसंबू नका. भिंग घेऊन जा. नंबरांभोवती ओतकामाचा मूळ खरखरीत पोत आहे, की तेवढीच जागा घासून गुळगुळीत केली आहे? घासलेली असेल तर जुना नंबर पुसून नवा ठोकल्याचा संशय घ्या. रेसवाले हवा जास्त मिळावी म्हणून चोकची ती भिंतच कापून टाकत, आणि नंबर नेमका तिथेच असतो. अशा कार्ब्युरेटरला दुसरी मेन बॉडी जोडून पुन्हा 'मूळ' करण्याचे प्रकार होतात. म्हणून मीटरिंग ब्लॉकवरचे (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या भागावरचे) नंबर वेगळे तपासायचे, ते लिस्ट नंबरशी जुळायला हवेत. रंगही बघा. मूळ होलीवर पिवळसर-सोनेरी डायक्रोमेटचा थर असतो आणि तो जागोजागी विटलेला असतो. सगळीकडून सारखा चमकत असेल तर तो नव्याने चढवला आहे. त्यात गैर काही नाही, पण मग 'हात न लागलेला' ही किंमत मागता येत नाही. आणि होलीने स्वतःच काही जुन्या मसल-कार कार्ब्युरेटरच्या नव्या प्रती काढून विकल्या आहेत, हेही ध्यानात असू द्या.

यादीतल्या ३३१० लिस्ट नंबरच्या तीन होलींना 'दुर्मिळ शेवेल' म्हटलं आहे. शेवेल ही शेवरलेचीच गाडी. हा नंबर १९६५ च्या शेवेल झेड-१६ साठी होता हे खरं, आणि त्या गाड्या जेमतेम दोनशे बनल्या हेही खरं. पण पुढे तोच नंबर होलीने दुकानांतून वर्षानुवर्षं विकला. १९६५ चा कोड नसेल तर तो चांगला चालणारा जुना कार्ब्युरेटर आहे, बास. उरलेल्यांत बहुतेक रॉचेस्टरचे क्वाड्राजेट आहेत. ते १९६५ ते १९९० पर्यंत लाखोंनी बनले. एखाद्या मोठ्या इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरच्या गाडीचा नंबर निघाला तर त्याला मोल, बाकीचे सुट्या भागांच्या भावाने जातात. डॉजच्या 'सिक्स पॅक' इंजिनाचा तीन होलींचा संच मात्र मला खराच कामाचा वाटतो. तिन्हींचे नंबर आणि तारखा एकमेकांना धरून असतील तर डीझेडच्या आधी मी त्याच्याकडे बघेन.

आता हिशोब. ४५,००० ही यादी मागितलेल्या भावांची आहे, तीही नव्याने सजवलेल्या नगांच्या. मिळालेले भाव, म्हणजे प्रत्यक्ष पूर्ण झालेले व्यवहार, त्यात नाहीत. मागणीच्या दोन तृतीयांश पदरात पडले असं उदार मनाने धरू: ३०,०००. विक्रीच्या साइटचं कमिशन आणि पाठवण्याचा खर्च मिळून १५ टक्के, उरले २५,५००. दहा नग जाणकाराकडून दुरुस्त करून घेतले, प्रत्येकी ५०० धरा, उरले २०,५००. तुम्ही मोजणार २४,०००. तुमच्या शनिवार-रविवारची किंमत यात धरलेलीच नाही.

आणि तुम्ही २४,००० सुद्धा मोजणार नाही आहात. ते ४०१के मधून काढणार आहात. वय ५९½ च्या आत, म्हणून १० टक्के दंड. दोघांच्या उत्पन्नावर फेडरल टॅक्सचा वरचा टप्पा २२ टक्के. मिशिगनचे सव्वाचार. एकूण ३६ टक्क्यांच्या वर. हातात २४,००० यायला खात्यातून ३७,५०० हून जास्त काढावे लागतील. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर तीच रक्कम तुमच्या पासष्टीला एक लाखाच्या पुढे जाते. हे बावीस नग विकून, सगळा खर्च जाऊन, ३७,५०० हून जास्त हातात राहिले तरच तुम्ही होतात तिथे परत येता. म्हणून उत्तर: गठ्ठा घेऊ नका. जुन्या ४०१के ला हात लावू नका.

आता कंस.

तुमची कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे ५० सेंट मॅच, म्हणजे स्वतःची भर, देते, हे तुम्ही पाठवलेल्या कागदात स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही ७,२०० टाकले की कंपनी ३,६०० टाकते. टाकल्या दिवशीच ५० टक्के. जगातला कुठलाही कार्ब्युरेटर, शेअर किंवा पॉलिसी हे खात्रीने देत नाही. तीन वर्षांत तुम्ही १०,८०० डॉलर सोडून दिलेत. असंच चालू ठेवलंत तर ६५ पर्यंतची २१ वर्षं, दर वर्षी ३,६००, ५ टक्क्यांनी सव्वा लाखाच्या पुढे. हा फक्त कंपनीचा वाटा झाला. तुमच्या ७,२०० वर दर वर्षी वाचणारा सुमारे १,९०० चा टॅक्स वेगळा.

आणि हे सोडून घेतलंत काय? गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेल्या गृहस्थांनी '४०१के म्हणजे टॅक्सचा बॉम्ब' असं सांगून आययूएल तुमच्या गळ्यात मारली. तुमच्या वार्षिक स्टेटमेंटमध्ये आहे: भरले ३६,०००, खात्यातलं मूल्य २६,५००, आज मोडलीत तर हातात १३,०००. याला मी निवृत्तीची सोय म्हणू शकत नाही. ही आयुर्विम्याची महागडी पॉलिसी आहे, तिच्या पोटात गुंतवणुकीचा एक कप्पा आहे. 'मार्केट पडलं तरी शून्याच्या खाली नाही' हे व्याजापुरतं खरं. विम्याचा खर्च आणि इतर शुल्क त्या वर्षीही कापलं जातंच, म्हणून शून्याच्या वर्षी तुमची रक्कम घटते. मार्केट वाढलं तर व्याजाची वरची मर्यादा विमा कंपनी ठरवते, आणि हमी दिलेल्या किमान पातळीपर्यंत ती दर वर्षी खाली आणू शकते. इंडेक्समधल्या कंपन्यांचा लाभांश तुम्हाला मिळत नाही. विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो, साठीनंतर भराभर. आणि तो 'टॅक्स-फ्री' पैसा म्हणजे पॉलिसीवरचं कर्ज, त्याला व्याज आहे. म्हातारपणी कर्ज डोक्यावर असताना पॉलिसी बंद पडली, तर झालेल्या नफ्यावर टॅक्स त्याच वर्षी भरावा लागतो, हातात काही नसताना.

विकताना दाखवतात तो साडेसहा टक्क्यांचा सुंदर तक्ता मला फार संतापजनक वाटतो. अशा तक्त्यांतल्या दरांवर अमेरिकेतल्या विमा नियामकांना २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली आणि २०२० मध्ये ती आणखी आवळावी लागली. तरीही शिकलेले, आकडेमोड येणारे लोक त्यावर सह्या करतात, कारण समोरचा आपल्या भाषेत बोलतो आणि घरी जेवून गेलेला असतो. तुम्ही एका कार्ब्युरेटरचे तीन फोटो काढून मला पाठवलेत. त्या पॉलिसीचा हमी दिलेला रकाना, जो साडेसहाच्या शेजारीच छापलेला असतो, तो एकदा तरी वाचला होता का? रागावू नका, पण दोन मुलांच्या बापाला हे विचारणं मला भाग आहे.

काय करायचं ते क्रमाने सांगतो, क्रम मोडू नका. उद्या सकाळी एचआरच्या पोर्टलवर जाऊन ४०१के ६ टक्क्यांवर सुरू करा. एजंटला फोन करण्याआधी. त्याने 'थोडं थांबा, भेटून बोलू' म्हटलं तरी.

मग टर्म विमा. दहा लाख डॉलर, २० वर्षं. प्रकृती ठीक असेल, धूम्रपान नसेल तर महिन्याला साधारण १०० ते १५० डॉलरमध्ये मिळावा. आज तुमच्या पॉलिसीत संरक्षण आहे ४ लाखांचं. घराचं कर्ज आणि दोन मुलांचं कॉलेज बघता ते तसंही अपुरं आहे.

त्याच वेळी विमा कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, लेखी 'इन-फोर्स इलस्ट्रेशन', म्हणजे चालू पॉलिसीचं पुढे काय होईल ते दाखवणारा तक्ता, मागवा: एक हमी दिलेल्या दराने, एक ४ टक्क्यांनी. माझा अंदाज आहे की ते कागद पाहिल्यावर मोडण्याचा निर्णय तुम्ही स्वतःच घ्याल. २३,००० बुडाले हे मनाला लागेल. पण ते बुडालेले आहेतच. पुढचे १२,००० दर वर्षी कुठे जातात एवढंच आता तुमच्या हातात आहे. भरल्यापेक्षा कमी मिळतंय म्हणून त्यावर टॅक्स नाही. अपवाद एकच: दरम्यान मधुमेह, हृदयविकार असं काही निघालं असेल आणि टर्म विमा मिळत नसेल, तर हीच पॉलिसी कमीत कमी हप्त्यावर विमा म्हणून ठेवावी लागेल. मला पुन्हा लिहा.

ते १२,००० असे वाटा. ४०१के च्या ७,२०० मुळे टॅक्स वाचून पगारातून प्रत्यक्ष कमी होतील ५,३००. टर्मला १,५०० धरा. उरले ५,२००. त्यातले ४,००० रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात टाका. टॅक्स-फ्री हवं होतं ना, ते हे आहे, आणि टाकलेली मूळ रक्कम अडीअडचणीला दंडाविना काढताही येते. राहिलेले १,२०० तुमच्या नादाला. मनापासून सांगतो, नाद सोडू नका. सिक्स पॅकचा संच तेवढा वेगळा विकतील का, हे त्या मेकॅनिकना विचारा. डीझेडबद्दल जुलैची गोष्ट त्यांना सरळ सांगा. प्रामाणिक असतील तर स्वतःच भाव उतरवतील. एक वर्ष थांबावं लागलं तरी थांबा.

१३,००० चा चेक येईल तो कार्ब्युरेटरकडे वळवू नका. तुमच्या बचत खात्यात दोन महिन्यांचाही खर्च नाही. तो तिथे ठेवा.

टर्म पॉलिसी मंजूर होऊन तिचा कागद हातात येईपर्यंत सरेंडरच्या, म्हणजे जुनी पॉलिसी मोडण्याच्या, फॉर्मवर सही करायची नाही, एक दिवस आधीही नाही. आणि तुमच्या पत्नीच्या कंपनीत मॅच आहे का, ती त्या पूर्ण घेतात का, हे पत्रात कुठेच नाही. आज रात्री त्यांना विचारा आणि मला कळवा.