चार विषय नकोत, एक मूलद्रव्य घे

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझा पीएच.डी.चा प्रस्ताव दोनदा वाचला. दोनदा अशासाठी, की पहिल्या वाचनात तू नक्की काय करणार आहेस ते हाती लागेना. 'दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये : पदार्थविज्ञान, तंत्रज्ञान, आरोग्य आणि प्रादेशिक सुरक्षा' हे शीर्षक भारदस्त आहे, आणि सध्या या सगळ्याच शब्दांना भाव आहे. (दुर्मिळ मृदा म्हणजे रेअर अर्थ्स, एकमेकांसारख्या सतरा धातूंचं कुटुंब; समेरियम, निओडिमियम, डिस्प्रोसियम, गॅडोलिनियम ही त्यातलीच मंडळी.) निवड समितीतले एक-दोघं माना डोलावतीलही. पण एखादा खट सदस्य विचारणारच, "सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्यावर पहिलं काम काय करणार?" तिथे तुझी पंचाईत होईल. पंचवीस पानांत त्याचं उत्तर मला सापडलं नाही.

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. तू चार दगड निवडलेस. माझं ऐक, यातलं एकच मूलद्रव्य घे. त्याच्या प्रवासातली एकच पायरी धर आणि तिथून पुढे-मागे ते कुठे कुठे जातं त्याचा पिच्छा पुरव. आरोग्य आणि सुरक्षा वाटेत भेटतातच, त्यांना आवतण द्यावं लागत नाही.

चुंबकांवर तू सर्वांत जास्त पानं खर्ची घातलीस, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. समेरियम-कोबाल्ट चुंबकाचा पाया १९६० च्या दशकात कार्ल श्ट्रनाटनं अमेरिकी हवाई दलाच्या पदार्थ-प्रयोगशाळेत घातला. चुंबक उत्तम, उष्णतेला दाद न देणारा. अडचण कोबाल्टची. १९७८ च्या मे महिन्यात झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या, शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोल्वेझीच्या कोबाल्टच्या खाणींचं काम विस्कटलं आणि कोबाल्टचे भाव भडकले. कोबाल्टऐवजी लोखंडावर भागेल का, हा प्रश्न तोवर हौसेचा होता; त्यानंतर तो गरजेचा झाला. जपानमध्ये मसातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघंही वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले आणि १९८३ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक जगासमोर आला. तुझ्या हेडफोनमध्ये, विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमध्ये, पवनचक्कीत आज तोच आहे.

या गोष्टीत सुरक्षा कुठे आहे बघ. तू ती शेवटच्या प्रकरणात 'धोरणात्मक परिणाम' म्हणून टाकली आहेस. इथे ती पहिल्याच ओळीत आहे. आफ्रिकेतल्या एका प्रांतातल्या बंडानं ठरवलं, की पदार्थवैज्ञानिकांनी कोणता स्फटिक शोधायचा.

आणि प्रकरण तिथे मिटलेलंही नाही. नवा चुंबक उष्णतेत हळवा निघाला. सुमारे ३१२ अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व पार जातं, पण त्याच्या कितीतरी आधी, मोटरमधल्या दीडशे-पावणेदोनशे अंशांतच तो ढेपाळू लागतो. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम घालतात. हे डिस्प्रोसियम येतं मुख्यतः दक्षिण चीनमधल्या आणि म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या चिकणमातीतून. डोंगराला भोकं पाडून त्यात अमोनियम सल्फेटचं पाणी सोडायचं आणि खाली झिरपून येईल ते गोळा करायचं, अशी ती पद्धत. मागे उरतात उघडे बोडके उतार आणि बिघडलेले ओढे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काचिन बंडखोरांनी चिपवी आणि पांगवा हा खाणींचा पट्टा ताब्यात घेतला. नकाशा उघडून बघ. काचिनची हद्द आपल्या अरुणाचलला लागून आहे. एका बंडातून सुटायला शोधलेला चुंबक दुसऱ्या बंडाच्या दारात जाऊन उभा राहिला. चुंबकातल्या कणांच्या फक्त कडांवर डिस्प्रोसियम मुरवून ते कमी कसं वापरता येईल, यावर जगभर काम चाललंय. हा खरा पीएच.डी.चा विषय आहे. मोजता येतो, फसला तरी का फसला ते सांगता येतं.

'भारताकडे दुर्मिळ मृदांचे मुबलक साठे आहेत' हे वाक्य तू तीन ठिकाणी लिहिलंयस. दोन ठिकाणचं काढ आणि तिसऱ्या ठिकाणी पुढचं सगळं लिही. आपला साठा म्हणजे मुख्यतः किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट, दुर्मिळ मृदा आणि किरणोत्सर्गी थोरियम एकत्र असलेलं खनिज. त्रावणकोरच्या वाळूत ते १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाला सापडलं, कारण तेव्हा गॅसबत्तीच्या मेंटलसाठी थोरियम हवं होतं. (आपल्या वराती आणि तमाशाचे फड ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगले, त्याचं मेंटलही थोरियमचंच.) त्याच थोरियममुळे १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्याच थोरियममुळे मोनाझाइट आजही अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतं. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये लँथॅनम, सेरियम, निओडिमियम अशी हलकी मंडळी पोटभर आणि डिस्प्रोसियम, टर्बियमसारखी जड मंडळी नावाला. हे न सांगता 'मुबलक' लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. तुझा तसा हेतू नाही हे मला ठाऊक आहे, पण परीक्षकाला ते कसं कळणार?

वाळू असून आपण मागे का, हे समजून घ्यायचं तर शू ग्वांगश्यान या माणसाचं काम वाच. 'मध्यपूर्वेकडे तेल आहे, चीनकडे दुर्मिळ मृदा' हे चिनी नेते डेंग श्याओपिंग यांचं वाक्य हल्ली प्रत्येक जण पहिल्या स्लाइडवर टाकतो. मला त्याचा कंटाळा आलाय. पुढाऱ्याच्या वाक्यानं कुठलंच द्रावण वेगळं होत नाही. शू हे पेकिंग विद्यापीठातले प्राध्यापक, कोलंबियात शिकून १९५१ मध्ये चीनला परतलेले. आधी अणुइंधनाच्या निष्कर्षणावर, म्हणजे द्रावकानं हवा तो धातू ओढून घेण्यावर, काम केलेलं. १९७२ मध्ये त्यांच्याकडे प्रासिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे करण्याचं लष्कराच्या गरजेचं काम आलं.

हे काम किती चिवट आहे ते एकदा हातानं करून बघ. पृथक्करण नरसाळ्यात खाली आम्लाचं पाणी, वर केरोसीनमध्ये मिसळलेलं तेलकट निष्कर्षक. हलवायचं, तोटी उघडून वायू सोडायचा, स्टँडला लावून थांबायचं. निओडिमियमचं द्रावण फिकट जांभळट, प्रासिओडिमियमचं हिरवं. मिश्रणाचा रंग मात्र धड हा नाही, धड तो नाही. दोन थरांच्या मधोमध दुधावर साय धरावी तसा गाळ धरतो आणि तो कुठल्या थरात मोजायचा यावर लॅबमध्ये भांडणं होतात. एवढं करून एका हलवणीत एक धातू दुसऱ्यापेक्षा जेमतेम दीडपट जास्त वर ओढला जातो. दोघांच्या आयनांच्या आकारात फरकच इतका थोडा आहे. म्हणून अशा हलवण्या एकामागून एक, उलटसुलट प्रवाहात, शेकडो टाक्यांत कराव्या लागतात. किती टाक्या, कोणता प्रवाह किती वेगानं, कुठून काय काढायचं, याचा हिशेब शू यांनी गणितात बसवला. त्यामुळे वर्षानुवर्षं चाचपडत बसण्याऐवजी आकडेमोड करून थेट कारखाना उभारता येऊ लागला. चीनचं या क्षेत्रातलं वर्चस्व खाणीइतकंच या हिशेबावर उभं आहे. शू यांना २००८ चा सर्वोच्च राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार मिळाला तो या कामासाठी, आणि म्हातारपणी हेच गृहस्थ आपला देश ही मूलद्रव्यं मातीमोल भावानं विकतो म्हणून सरकारला अर्ज करत होते.

आपल्याकडे पृथक्करणाचं काम करायला मुलं मिळत नाहीत. ग्राफीनसारख्या चलतीच्या पदार्थावर पेपर लवकर होतो, द्रावकाच्या वासात कपडे खराब होत नाहीत. मुंबईत, हैदराबादेत, तिरुवनंतपुरमला या कामातली जाणती माणसं आहेत; पण त्यांच्यातली बरीच निवृत्तीला आली आहेत. त्यांच्याकडे शिकून घ्यायची ही वेळ आहे.

आता आरोग्य. तू मोघम 'वैद्यकीय उपयोग' लिहिलंयस. गॅडोलिनियम घे. एमआरआयच्या वेळी चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून जे औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देतात त्यात ते असतं. नेहमीच्या मात्रेत ६० किलोच्या माणसाच्या शरीरात जवळपास १ ग्रॅम धातू जातो. मोकळं गॅडोलिनियम विषारी, म्हणून त्याला सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात अडकवून देतात. पहिलं असं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं. २००६ मध्ये ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होत जाते, त्याचा संबंध याच औषधाशी आहे. उघड्या, रेषीय पिंजऱ्यातून धातू सुटतो. बंद कड्याच्या पिंजऱ्यातून सहसा सुटत नाही. २०१७ मध्ये युरोपनं रेषीय प्रकारातल्या बऱ्याच औषधांवर बंदी किंवा बंधनं आणली. म्हणजे रसायनशास्त्रातला स्थिरतेचा एक स्थिरांक, आणि त्यावर एखाद्या रुग्णाचे गुडघे वाकतील की नाही ते ठरतं.

तो ग्रॅमभर धातू बहुतेक एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून सहीसलामत नदीत जातो. जर्मनीतल्या नद्यांमध्ये तो १९९६ पासून मोजला गेलाय. मुळा-मुठेच्या काठावर किती एमआरआय केंद्रं आहेत ते तू रोज बसमधून बघतेस. संगमाच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याचे नमुने घेऊन बसायला तुला कुणाच्या परवानगीच्या मोठ्या फायली लागणार नाहीत. अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं एक चांगलं आयसीपी-एमएस उपकरण लागेल आणि चिकाटी. मला विचारशील तर मी आज हाच विषय घेतला असता.

ल्युटेशियमबद्दलही लिहिलंयस, तिथे अर्धायुष्याचा मुद्दा सुटलाय. कर्करोगावर वापरतात ते ल्युटेशियम-१७७ साडेसहा-पावणेसात दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार होतं म्हणून आपल्या रुग्णांना निदान तो आधार आहे. चीननं ४ एप्रिल २०२५ रोजी ज्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्या यादीत डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियम यांच्याबरोबर गॅडोलिनियम आणि ल्युटेशियमही होतं. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्रं आणि मोटारी असतील. ती एमआरआयच्या खोलीपर्यंतही पोचते. हे तुझ्या प्रस्तावात एका परिच्छेदात आलं, तर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द एकदाही वापरायची गरज उरत नाही.

केरळच्या करुनागपल्लीचा अभ्यासही बघून ठेव. तिथल्या मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून बराच जास्त आहे. सुमारे ७० हजार रहिवाशांचा सरासरी दहा वर्षं मागोवा घेऊन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की त्यामुळे कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. निकालापेक्षा त्याची पद्धत शिक. घरोघरी जाऊन मोजणं, नोंदी जपणं, आणि 'काही आढळलं नाही' हेही सरळपणे छापणं.

सुरक्षेच्या बाबतीत एकच व्यावहारिक गोष्ट सांगतो, बाकी परिसंवादवाल्यांवर सोड. दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, उपयोगाच्या वस्तूंची आपल्या सरकारची 'स्कोमेट' नावाची यादी आहे. तिच्यात वस्तूच येतात असं नाही, तंत्रज्ञानही येतं. म्हणजे परदेशातल्या सहकाऱ्याला ईमेलनं पाठवलेली प्रक्रियाही 'निर्यात' ठरू शकते. चुंबकांवर किंवा मिश्रधातूंवर काम करणार असशील, तर परदेशी सहकार्याचा करार होण्याआधी ती यादी स्वतः वाच, संस्थेच्या कार्यालयावर विसंबू नकोस. आणि प्रकल्पाला पैसा संरक्षण खात्याचा असेल तर काय छापता येईल, कधी, कुणाच्या सहीनं, हे पहिल्याच महिन्यात लेखी घे. पाच वर्षं काम करून प्रबंध कपाटात बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

गाइड निवडताना त्यांचा एच-इंडेक्स, म्हणजे त्यांचे पेपर इतरांनी किती उद्धृत केले त्याचा आकडा, कमी बघ. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना फोन कर आणि विचार, उपकरण बिघडलं की सर किंवा मॅडम काय करतात. त्यावरून बाकी सगळं कळतं.

आता प्रस्ताव नव्यानं लिही, एका पानात. मूलद्रव्य कोणतं, पायरी कोणती, काय मोजणार, कशानं मोजणार आणि ते आकडे कुणाला हवे आहेत, एवढंच. शिफारसपत्र मी ते पान वाचल्यावर देईन. गॅडोलिनियम घेणार असलीस तर आधी शुद्धीकरण केंद्रात नमुने घ्यायला महापालिकेची परवानगी लागते का ते विचारून ये. डिस्प्रोसियम घेणार असलीस तर हैदराबादच्या एका माजी सहकाऱ्याशी तुझं बोलणं करून देतो. ते फोन लवकर उचलत नाहीत, तेवढं सांभाळून घे.

तुझे,
सर