‘शंगन्यू’ला ‘घोडनवरी’ म्हणावं का?

मेलबर्नला शिकायला गेलेल्या चिनी मुलींवरचा एक लेख तुम्ही मराठीत आणताय. त्यातली एकजण म्हणते, ‘शिकून परत गेले की मी शंगन्यू’, म्हणजे वय उलटूनही लग्न न झालेली. इथे ‘घोडनवरी’ चालेल का, आणि ती सुट्टीत ‘माहेरी जाते’ असं लिहावं का, हे तुमचे दोन प्रश्न.

‘घोडनवरी’ पटकन सुचतो, पण तो वापरू नका. ‘घोडचूक’मधलाच हा ‘घोड’, म्हणजे मोठा, थोराड. घोडनवरीचं वय वाढलेलं असलं तरी ती नवरी आहे, बोहल्यावर उभी आहे. शंगन्यू बोहल्यापर्यंत गेलेलीच नाही.

‘न्यू’ म्हणजे बाई आणि ‘शंग’ म्हणजे उरणं. जेवणं झाल्यावर उरलेला भात तो ‘शंगफान’. तोच शब्द बाईला लावलाय, म्हणून तो इतका लागतो. मराठीत त्याला जवळचे शब्द आहेत, पण प्रत्येकाची छटा वेगळी. ‘शिळी’त फक्त वेळ गेल्याचा भाव आहे. ‘उष्टी’ म्हटलं तर अर्थ भलताच होईल. ‘ती तशीच राहिली’ असं आपल्या आज्या-मावश्या म्हणतात, मला तो प्रयोग फार आवडतो, पण त्यात हळहळ आहे. शंगन्यूत हळहळ नाही. पंगत उठली, पातेल्यात एवढं उरलं, असा कोरडा हिशेब आहे. म्हणून सरळ ‘उरलेली’ लिहा, अवतरणचिन्हांत. ‘अविवाहित’ लिहून त्याची धार घालवू नका.

हा शब्द नुसता गल्लीतल्या टोमण्यापुरता राहिला नाही. २००७ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत त्याला जागा दिली. विशी सरता सरता लग्न न झालेल्या, बहुतेकदा शिकलेल्या, कमावत्या शहरी मुलींना तो लावतात. आणि २०२०च्या जनगणनेत चीनमध्ये पुरुष बायकांपेक्षा सुमारे साडेतीन कोटींनी जास्त निघाले! काही मुलींनी या शब्दावर सुंदर उत्तर काढलंय. ‘जिंकणं’ या अर्थाच्या चिन्हाचा उच्चारही हुबेहूब ‘शंग’च, म्हणून त्या स्वतःला त्या चिन्हाने लिहितात. बोलताना फरक कळत नाही, कागदावर ‘उरलेली’ची ‘विजयी’ होते. हा श्लेष मराठीत उतरणार नाही, तळटीप द्या.

मग अशी मुलगी परत जातेच कशाला, असं वाचकाला वाटेल. तिथे ‘श्याव’ हा शब्द समजावावा लागेल. आईवडिलांप्रति असलेलं अपत्याचं कर्तव्य म्हणजे श्याव. त्या चिन्हात वर म्हातारं माणूस असतं आणि खाली मूल. वंश न चालवणं हा या कर्तव्यातला सगळ्यात मोठा कसूर, असं मेंशियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाने म्हटलंय. एक-अपत्य धोरणात जन्मलेल्या एकुलत्या मुलीवर तर हे सगळं ओझं एकटीवर येतं. ‘मातृपितृभक्ती’ मला फार देवळातली वाटते, ‘आईवडिलांचं ऋण’ जास्त जवळचं आहे.

राहिलं ‘माहेर’. चिनीत त्याला ‘न्यांगज्या’ असा नेमका शब्द आहे, शब्दशः आईचं घर. आपलं माहेरही मातृगृहावरूनच आलंय. पण दोन्ही भाषांत तो लग्न झालेल्या बाईचा शब्द आहे. या मुलीला सासर नाही, म्हणून माहेरही नाही. तिच्यासाठी ‘घरी जाते’ एवढंच लिहा.