अनोळखी नंबर सरसकट गप्प करण्याआधी आप्पांना कोणाकोणाचे फोन येतात ते पाहावे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. चोपडा तालुक्यात राहणाऱ्या आपल्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, दिवसाकाठी दहा-पंधरा अनोळखी फोन येतात. त्यांतले बरेचसे कर्ज, विमा आणि प्लॉट विकणाऱ्यांचे असतात. मागच्या महिन्यात बँकेच्या नावाने आलेल्या एका फोनवर ते ओटीपी सांगता सांगता थोडक्यात बचावले. त्या धास्तीने आपण पुण्याहून घरी आल्यावर त्यांच्या मोबाईलमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय सुरू करून दिली, आणि तिसऱ्याच दिवशी केळी भरायला आलेल्या गाडीच्या चालकाचा फोन वाजला नाही, गाडी दुसऱ्याच्या शेतात गेली. ही सोय ठेवावी की काढावी, असे आपण विचारता आहात. माझे उत्तर असे की ती दिवसा काढून टाकावी. मात्र ती काढण्याच्या आधी पुढील कामे करून घ्यावीत.

अनोळखी फोन आणि फसवणुकीचा फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भागात हा फरक फार महत्त्वाचा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाला अनोळखी नंबर एकही वाजला नाही तरी फारसे बिघडत नाही. खान्देशात केळी पिकवणाऱ्या माणसाचा अर्धा व्यवहारच अनोळखी नंबरांवर चालतो. व्यापारी ओळखीचा असतो. पण त्याने पाठवलेला मुकादम, कापणीची टोळी आणि मालमोटारीचा चालक दर खेपेला नवे असतात. त्यांतले पुष्कळ जण उत्तरेकडचे असल्याने हिंदीतच बोलतात. म्हणून ‘हिंदीत बोलला की फोन ठेवून द्या’ ही जी सूचना हल्ली घरोघरी दिली जाते, ती आपल्याकडे चालत नाही. आप्पा ‘कोन बोली ऱ्हायना?’ असे विचारतील आणि पलीकडून हिंदीत उत्तर येईल, तेव्हा तो खरा चालकही असू शकतो.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या मोबाईलवर मीच अशी सरसकट बंदी घातली होती. त्यांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली गेली होती आणि तसे कळवणारा दवाखान्याचा फोन वाजलाच नाही. काकांनी आदल्या रात्रीपासून उपाशी राहून सकाळच्या एसटीने जळगाव गाठले आणि तसेच परत आले. दवाखान्याने आपले काम केले होते. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी कोणाच्याही मोबाईलला हात लावण्याआधी त्या माणसाला दिवसभरात कोण फोन करते ते कॉलच्या यादीत पाहतो आणि त्याला शेजारी बसवून प्रत्येक नंबरविषयी विचारतो. आपणही हेच करावे. आप्पांची मागच्या पंधरा-वीस दिवसांची यादी उघडावी आणि जे नंबर कामाचे निघतील ते लगेच नावानिशी जतन करावेत. नाव कामावरून ठेवावे, म्हणजे ‘केळी मुकादम’, ‘मोटार दुरुस्ती’, ‘ठिबकवाला’, ‘दवाखाना’, ‘सोसायटी सचिव’. नुसते आडनाव लिहिले तर चार पाटील आणि तीन महाजन होतात आणि ऐन वेळी आप्पांना काहीच उमगत नाही. एवढ्या एका कामाने निम्मे अनोळखी नंबर ओळखीचे होतात, असा माझा अनुभव आहे.

आता जाहिरातींच्या फोनांविषयी. ते मोबाईलमध्ये अडवण्यापेक्षा कंपनीच्या पातळीवर अडवणे चांगले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक ग्राहकाला जाहिरातींचे फोन नाकारण्याचा अधिकार आहे. आप्पांच्याच सिमवरून १९०९ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, असा संदेश पाठवला की सर्व प्रकारच्या जाहिरातींना नकार नोंदवला जातो. किंवा १९०९ ला फोन लावूनही हे करता येते. नोंदणी झाल्यावरही कोणी जाहिरातीसाठी फोन केलाच, तर त्याची तक्रार १९०९ वरच करावी. पूर्वी त्यासाठी तीनच दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी २०२५ मधील सुधारणेने ती सात दिवसांची झाली आहे. तक्रार करायचा कंटाळा करू नये, कारण ठरावीक दिवसांत पुरेशा तक्रारी जमल्या तरच त्या नंबरावर कारवाई सुरू होते.

मात्र या नोंदणीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. ती नियम पाळणाऱ्या विक्रेत्याला थांबवते. ठगाला १९०९ शी काही देणेघेणे नसते. तसेच आपण एखाद्या दुकानात किंवा ॲपमध्ये स्वतःच संमती दिली असेल, तर त्या कंपनीचे फोन येतच राहतात.

नंबराच्या सुरुवातीवरूनही बरेच कळते, आणि आप्पांच्या वयाच्या माणसाला हे दोन आकडे सहज पाठ होतात. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा असतो. १६०० ने सुरू होणारी मालिका सेवाविषयक फोनांसाठी, म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांसाठी, २०२४ मध्ये ठरवून दिली गेली. आणि बँकांनी ग्राहकांना सेवेचे फोन याच मालिकेतून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून कोणी ‘बँकेतून बोलतो’ म्हणाला, तर संशयाला तेवढे कारण पुरेसे आहे. चौकशी करायची झाल्यास पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आप्पांनी स्वतः फोन लावावा, नाहीतर सरळ शाखेत जावे. तसेच +९१ सोडून दुसऱ्या देशाच्या क्रमांकाने सुरू होणारा मिस्ड कॉल आला, तर उलट फोन कधीही लावू नये. ज्यांचे कोणी परदेशात नाही, त्यांनी असा फोन उचलण्याचेही कारण नाही.

स्क्रीनवर दिसणाऱ्या नावावर मात्र विसंबू नये. ट्रूकॉलरसारखी ॲप्स जे नाव दाखवतात, ते बहुतांशी लोकांनी दिलेल्या माहितीवरून तयार झालेले असते. त्या नंबराला पुष्कळांनी ‘स्पॅम’ म्हणून खूण केली असेल तर ती सूचना उपयोगी पडते, हे खरे. पण ‘बँक मॅनेजर’ असे नाव दिसले म्हणून पलीकडे मॅनेजर आहे, असे मुळीच नाही. शिवाय असे ॲप घ्यायचे झाल्यास ते कोणकोणत्या परवानग्या मागते हे पाहूनच घ्यावे. आप्पांसाठी मी फोनमध्ये आधीपासून असलेली स्पॅम ओळखण्याची सोय पुरेशी मानीन.

आपण मोबाईल कोणत्या कंपनीचा आहे ते लिहिलेले नाही, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. गूगलच्या फोन ॲपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या पानावर ‘अनोळखी’ अशी एक कळ असते. तिचा अर्थ स्वतःचा नंबर लपवून फोन करणारे, एवढाच आहे. जतन न केलेले नंबर तिने अडत नाहीत. काही इतर कंपन्यांच्या मोबाईलमध्ये मात्र त्याच अर्थाच्या शब्दाने जतन न केलेला प्रत्येक नंबर अडतो. आयफोनमध्ये २०१९ पासून असलेली सोय तर अशी आहे की जतन न केलेला नंबर वाजत नाही, पण यादीत दिसतो. आणि ज्या नंबराला आपण अलीकडे स्वतः फोन लावला असेल, तो मात्र वाजतो. त्यामुळे कळेवर काय लिहिले आहे यावर न जाता, ती दाबल्यावर शेजाऱ्याच्या जतन नसलेल्या मोबाईलवरून फोन लावून काय होते ते पाहावे.

रात्रीची व्यवस्था वेगळी करावी. ‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे सगळे फोन गप्प ठेवण्याची सोय, रात्री दहा ते पहाटे पाच अशी आपोआप सुरू होऊ द्यावी आणि त्यात तारांकित संपर्कांना, म्हणजे ताऱ्याची खूण करून ठेवलेल्या नावांना, मुभा द्यावी. आपल्याकडे शेतीच्या विजेचा फेरा रात्रीचा असला की ‘लाईट आली’ हे सांगणारा शेजारी, सालदार (सालाने ठेवलेला गडी), आपण स्वतः आणि डॉक्टर, एवढे जण या तारांकित यादीत असले म्हणजे झाले. त्याच पानावर एकाच नंबरावरून लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू देण्याची सोय असते. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी पंधरा मिनिटांची आणि आयफोनमध्ये तीन मिनिटांची मर्यादा आहे. ती चालू ठेवावी. रस्त्यावर अपघात झाला आणि कोणी परक्याच्या मोबाईलवरून फोन केला, तर तो माणूस पुन्हा लावतोच.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत मात्र मी सरसकट बंदीच्या बाजूचा आहे. त्यात प्रायव्हसीच्या पानावर, कॉल्सच्या भागात, अनोळखी फोन गप्प करण्याची सोय २०२३ पासून आहे. ती आजच सुरू करावी. गाडीचा चालक साधाच फोन लावतो, आणि व्यापाऱ्याने मालाचे फोटो मागितले तर ते संदेशाने येतात; संदेशांना या सोयीने काही अडथळा होत नाही. उलट पोलीस, सीबीआय किंवा न्यायालयाच्या नावाने व्हिडिओ कॉल करून माणसाला घरातच तासन् तास बसवून ठेवण्याचा जो प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालतो, तो बहुतेक याच वाटेने येतो. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही, हे आप्पांना स्पष्ट शब्दांत आणि आधीच सांगून ठेवावे. फोनवर धाक बसल्यानंतर घरच्यांचे सांगणे कानात शिरत नाही.

एवढे सारे करूनही एखादा ठग पोहोचणारच, म्हणून घरात एक नियम ठरवावा आणि तो आप्पांच्या स्वभावाला रुचेल अशा शब्दांत ठरवावा. ‘फोन उचलू नका’ असे वडीलधाऱ्या माणसाला सांगितले की त्यांना ते अपमानास्पद वाटते आणि ते ऐकतही नाहीत. त्याऐवजी ‘फोन उचला, नीट बोला, पण समोरून आलेल्या फोनवर कोणतेही काम पुरे करू नका, फोन ठेवा आणि काम असेल तर आपण स्वतः लावा’ असे सांगावे. चालकाला वाट सांगणे हे काम नव्हे, ते बोलणे झाले. ओटीपी वाचणे, पिन टाकणे, पाठवलेली फाइल उघडणे, कोणी सांगेल तो स्टार-हॅशचा क्रमांक दाबणे, ही कामे झाली.

यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी लोकांना कमी माहीत आहेत. पीएम किसान, फळपीक विमा किंवा वाहनाचा दंड यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल पाठवून ती मोबाईलमध्ये बसवायला सांगतात. ती बसली की मोबाईलवर आलेले संदेश, त्यांतले ओटीपीसुद्धा, तिकडे जाऊ शकतात. केळीच्या विम्याची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘तुमची रक्कम मंजूर झाली’ हे वाक्य किती खरे वाटते, हे आपल्याला मी सांगायला नको. दुसरा प्रकार असा की कुरिअरवाला असल्याचे सांगून स्टारने सुरू होणारा एक क्रमांक दाबायला लावतात आणि त्याने आप्पांचे फोन परक्या नंबराकडे वळतात. या प्रकारांमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे क्रमांक दाबून फोन वळवण्याची सोय थांबवण्याचे आदेश दिले होते. तरीही आप्पांच्या मोबाईलवर ##००२# लावून सर्व वळवलेले फोन रद्द करून घ्यावेत. त्यात नुकसान काही नाही.

केळीच्या व्यवहारातली एक गोष्ट इथे जोडतो. नवा व्यापारी फोनवर बोर्ड भावापेक्षा, म्हणजे केळीच्या रोज जाहीर होणाऱ्या भावापेक्षा, बराच चढा भाव सांगून ‘विसार पाठवतो, पिन टाका’ म्हणाला, तर तो व्यापारी नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. ‘चुकून वीस हजार गेले, परत करा’ असे कोणी सांगितले, तर आलेल्या संदेशावर न जाता बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम खरोखर जमा झाली का, ते पाहावे.

पैसे गेलेच, तर नातेवाइकांना विचारत बसण्यात वेळ न घालवता लगेच १९३० ला फोन करावा; जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. पैसे गेले नाहीत, पण फोन संशयास्पद होता, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील किंवा ॲपमधील चक्षू या भागात त्याची नोंद करावी. आप्पांचा बँकेच्या नावाने आलेला तो फोन अलीकडचाच आहे. नंबर यादीत असेल तर ही नोंद आपण पुण्यातून न करता त्यांच्या मोबाईलवरून, त्यांच्या हातानेच करवून घ्यावी. १९३० हा क्रमांकही त्यांच्या मोबाईलमध्ये ‘पैसे गेले’ या नावाने जतन करावा, आणि तोच घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण तशा वेळी मोबाईल हातात धरून शोधाशोध करणे जमत नाही.

राहिला गाडीचा प्रश्न. माल तयार झाला की आप्पांनी व्यापाऱ्याकडून चालकाचा आणि मुकादमाचा नंबर आदल्या दिवशीच मागून घ्यावा आणि त्यांना स्वतः एक फोन लावावा. सोय चालू राहिली तरी आयफोनवर त्यांचा फोन वाजेल. इतर मोबाईलवर तो नंबर तेवढ्यापुरता ‘आजची गाडी’ या नावाने जतन करावा आणि पुढच्या खेपेला त्याच नावाखाली नवा नंबर लिहावा.