वाचकांचे प्रश्न : उन्हावर चालणारे, समुद्रावर तरंगणारे घर

स्वस्त तरंगत्या घराबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न सौर पॅनेलविषयी आहेत. खरे तर वीज हा यातला सोपा भाग. घर टिकेल की नाही हे लाट, नांगर आणि गंज ठरवतात. म्हणून उत्तरांत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : २०० लिटरची प्लास्टिकची पिंपे बांधून त्यांवर ६ × १० मीटरचे घर उभारता येईल का? किती पिंपे लागतील?

तळ्यात येईल, समुद्रात नको. समुद्राचे पाणी घनमीटरला सुमारे १,०२५ किलो भरते. त्यामुळे पूर्ण बुडालेले पिंप स्वतःचे वजन वजा जाता साधारण १९५ किलो उचलते. पण पिंप निम्मेच बुडेल असे धरूनच हिशेब करायचा, म्हणजे पिंपामागे ९५ किलो. हलक्या भिंती, छप्पर, पॅनेल, बॅटरी, पाण्याच्या टाक्या, सामान आणि माणसे मिळून १० टन धरले, तर १०६ पिंपे लागतात. आडवी ठेवली तर ती साधारण तेवढ्या जागेत बसतात.

पण पिंपाचा व्यास जेमतेम ५८ सेंटिमीटर. निम्मे बुडाल्यावर पाण्यावर २९ सेंटिमीटर उरतात आणि जरा मोठी लाट आली की ती फळ्यांना खालून धडका देते. प्रत्येक पिंप वेगळे हलते, पट्टे घासून तुटतात, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. एक पिंप फुटले की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि तो कोपरा खचत जातो.

प्रश्न : मग तळ कशाचा करावा? आणि घर उलटण्याची भीती किती?

कमी खर्चात फेरोसिमेंटच्या (सळ्या-जाळीवर सिमेंटचा गिलावा केलेल्या) दोन बंद होड्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया ही रचना चांगली. प्रत्येक होडी १० मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल. दोन्हींमध्ये ३ मीटर मोकळे पाणी. ३० मिलिमीटर जाडीची भिंत चौरस मीटरला सुमारे ७५ किलो भरते, म्हणून आतल्या आडभिंतींसह दोन्ही होड्या मिळून साधारण १०.७ टन होतात. घर आणि तुळया धरून एकूण २२ टन. एवढ्या वजनाला होड्या ७२ सेंटिमीटर बुडतात आणि ७८ सेंटिमीटर पाण्यावर राहतात. पुढे हिशेब सोपा आहे : ३०० किलो सामान चढले की घर सुमारे १ सेंटिमीटर खाली जाते. होडीच्या बाहेर उंचीच्या खुणा रंगवून ठेवा. सामान न वाढता पाणी खुणेच्या वर आले, तर कुठेतरी गळती आहे.

सांगाडा ६ मिलिमीटरच्या सळ्यांचा, दोन्ही बाजूंना वेल्डेड जाळीचे तीन-तीन थर. १ भाग सिमेंटला २ भाग वाळू, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त नाही. वाळू समुद्राची चालत नाही, त्यातला क्षार सळ्या आतून खातो. एका होडीचा गिलावा एकाच दिवसात पुरा करा, कारण आदल्या दिवशीच्या कडेशी धरलेला सांधाच पुढे गळतो. मसाला एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेपर्यंत भरा. सळीमागे राहिलेली पोकळी दिसत नाही. तिथे खारे पाणी साचते, गंज फुगतो आणि भिंत तडकते. नंतर किमान १४ दिवस, जमल्यास २८ दिवस, गोणपाट ओले ठेवा. होडीचे चार कप्पे करून त्यांत थर्माकोलचे ठोकळे ठासा. पेट्रोल मात्र त्या कप्प्यांजवळ ठेवू नका, त्यात थर्माकोल विरघळतो.

उलटण्याविषयी : इतक्या रुंद घराची सरळ होण्याची ओढ प्रचंड असते. खरा त्रास त्याच ओढीचा, कारण घर लाटेच्या उताराबरोबर झटकन कलते. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला, एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचे. ४ सेकंदांची लाट २५ मीटर लांब असते. ती १ मीटर उंच असली तर तिचा उतार सुमारे ७ अंशांचा होतो. म्हणजे दर ४ सेकंदांत घर एकदा इकडे, एकदा तिकडे ७ अंश कलणार. अशा ठिकाणी स्वयंपाक होत नाही, झोप लागत नाही. हालचाल खरोखर कमी करायची तर वजन खोल पाण्यात न्यावे लागते. १९६२ मध्ये पाण्यात उतरवलेले अमेरिकेचे ‘फ्लिप’ हे १०८ मीटर लांबीचे संशोधन-यान उभे राहून लाटांतही जवळपास स्थिर राहत असे. पण तो खर्च घरगुती नाही. स्वस्त घराला आडोशाचे पाणीच हवे : खाडी, प्रवाळबेटामागचे उथळ पाणी, धक्क्यामागची जागा.

प्रश्न : ४०० वॅटची ८ पॅनेल बसवली तर संसार चालेल का? त्याच विजेवर मोटार चालवून, नांगर न टाकता एका जागी राहता येईल का?

संसार चालेल. ३.२ किलोवॅटला दिवसाचे साडेचार तास पूर्ण ऊन आणि २५ टक्के घट धरली, तर जवळपास ११ युनिट मिळतात. फ्रीज १, इंडक्शन शेगडी २, दिवे-पंखे-पंप दीड, आणि १०० लिटर पाणी गोडे करायला, यंत्रात ऊर्जा परत मिळवण्याची सोय नसली तरी, साधारण दीड. हे झाले ६ युनिट. उरलेली ढगाळ दिवसांची भरपाई. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १६ सेल मालिकेत, ५१.२ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. तिच्यातल्या १० युनिटांपैकी ८ वापरायला धरा. नांगराभोवती घर फिरत राहते, म्हणून पॅनेल एका दिशेला तोंड करून बसवण्यात अर्थ नाही. ५ अंशांचा उतार पुरे, पावसाने मीठ धुऊन जाते.

जागा धरून राहणे मात्र जमणार नाही. सेकंदाला १ मीटर प्रवाहात चौकोनी टोकांच्या या दोन होड्यांवर सुमारे १,१०० न्यूटन ओढ येते. मोटारीच्या पाण्यातल्या पंख्याची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर मोटारीला २.२ किलोवॅट, म्हणजे दिवसाला ५३ युनिट लागतात. वाऱ्याचा जोर अजून यात धरलेलाच नाही.

तेव्हा नांगर. सेकंदाला ३० मीटर वारा चौरस मीटरला सुमारे ५५ किलोंचा दाब देतो. ३० चौरस मीटरच्या भिंतीवर तो, आकाराचा परिणाम धरून, २ टनांच्या घरात जातो. वादळात साखळदोराची लांबी भरतीच्या खोलीच्या सातपट हवी, आणि पाण्यापासून दोर बांधल्याची उंचीही खोलीत धरायची. १० मीटर खोली अधिक १ मीटर, म्हणजे ७७ मीटर. तळाशी जड साखळी, तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि नांगर रुततो. वर नायलॉनचा दोर, तो ताणला जाऊन झटके पोटात घेतो. दोर बहुधा मधे तुटत नाही, कडेवर घासून तुटतो. तिथे जाड रबरी नळी चढवा.

प्रश्न : खाऱ्या हवेत पॅनेल आणि वायरिंग किती टिकेल?

आयईसी ६१७०१ ही खाऱ्या धुक्याची चाचणी पार केलेलीच पॅनेल घ्या. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमच्या चौकटीशी त्यांचा थेट संबंध येऊ देऊ नका, मधे नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या. आत पंखा असलेला इन्व्हर्टर बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तो मिठाची हवा थेट सर्किटवर ओढतो.

प्रश्न : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे गेल्यावर परवानगी लागत नाही ना?

लागते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम ६० नुसार २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात कृत्रिम बेटे उभारण्याचा आणि त्यांना परवानगी देण्याचा अधिकार किनाऱ्याच्या देशाचाच आहे. २०१९ मध्ये थायलंडमधील फुकेतपासून १२ मैलांपलीकडे उभारलेले, पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या खांबावरचे घर तिथल्या नौदलाने काढून नेले. होडीचा साचा बांधायला घेण्यापूर्वी नांगर टाकण्याच्या जागेची लेखी परवानगी हातात असू द्या.