जळजळ नव्हे हो, शोथ! (आणि शून्य, आणि शिशुसुद्धा)

प्रश्न असा आलाय की मावशीच्या कमरेच्या एमआरआयमध्ये 'अ‍ॅडहेसिव्ह अरॅक्नॉइडायटिस' लिहून आलंय, मोबाईलने त्याचं मराठी 'चिकट अरॅक्नॉइड जळजळ' करून दिलं, तर खरा शब्द कोणता, दाह की शोथ?

जळजळ नाही, एवढं आधी सांगतो. जळजळ मिसळ खाल्ल्यावर छातीत होते, नाहीतर शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की होते. पण हल्ली आरोग्याचा कुठलाही लेख उघडा, सांध्यांची जळजळ, यकृताची जळजळ, आता मज्जारज्जूच्या आवरणांचीही. मशीनने केलं तर एक वेळ सोडून देऊ, पण माणसंही तेच उतरवून घेतात याचा वैताग येतो. दाह चालेल, पण त्यात नुसती आग आली, फुगणं राहून गेलं.

अरॅक्नॉइडचं पटकन उरकतो. ग्रीकमध्ये अराख्ने म्हणजे कोळी, मेंदू-मज्जारज्जूच्या तीन आवरणांपैकी मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं म्हणून ते नाव, परिभाषेत जालतानिका, आणि 'आयटिस'ला शोथ. झालं. आता शोथ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

धातू आहे श्वि, म्हणजे फुगणे, वाढणे. त्याचं शून म्हणजे सुजलेलं, त्याचाच शोथ, आणि आपली घरगुती सूजही त्याच घरातली असं माझं ठाम मत आहे. आता शून वरून पुढे शून्य! फुगलेलं ते आतून पोकळ, टम्म फुगलेली पुरी बोटाने फोडून बघा, वाफ निघून जाते आणि आत काही नसतं. लॅटिनमधला पोकळ अर्थाचा कावुस याच कुळातला मानतात, म्हणजे दाताची कॅव्हिटी ही शोथाची लांबची चुलत बहीण लागली. एवढ्यावर थांबत नाही, शिशु सुद्धा याच धातूतून आलाय असं मोनियर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश सांगतो, म्हणजे आपण 'सूज म्हणजे बाळसं नव्हे' म्हणतो पण शब्दांच्या वंशावळीत सूज आणि बाळ एकाच पंगतीला बसलेत, घ्या!

आता लगेच कोणीतरी संस्कृतवाले येऊन सांगतील की व्याकरणाच्या परंपरेत शून्य हा शब्द श्वन् म्हणजे कुत्रा यावरून सिद्ध केलाय, कुत्र्याला हितकर ते शून्य, म्हणजे ओसाड जागा. रूप नियमात बसतं हो, मान्य. पण समोर पुरी ठेवलेली असताना कुत्र्याच्या मागे का धावायचं? व्याकरणकारांपुढे माझी काय टाप, पण इथे त्यांनी नुसतं रूप बसवलं, अर्थाकडे बघितलंच नाही.

हां, तर मावशी. यात 'अ‍ॅडहेसिव्ह'चं 'चिकट' हे भाषांतर तर अजून वाईट, जळजळ चिकट नाहीये, ती चिकटवते. पेशींच्या चिकटून राहण्याला परिभाषेत आसंजन म्हणतात आणि आसक्ती याच धातूतली, आणि इथे अगदी तसंच घडतं, शोथात पेशींची आसक्ती जागा बदलते. जालतानिकेतल्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एरवी शेजारणीला घट्ट धरून असतात, कॅडहेरिन वगैरे प्रथिनांनी. शोथ सुरू झाला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली ती पकड सैल होते, आणि उलट भिंतीच्या आतल्या बाजूला आयकॅम, व्हीकॅम नावाच्या प्रथिनांचे हूक वाढतात, मग रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकून आवरणात शिरतात. शिवाय रक्ताची गुठळी बांधणारं फायब्रिन बाहेर पाझरतं, त्यावर कोलॅजेनचे धागे चढतात आणि आवरणाच्या पिशवीतल्या पाण्यात घोड्याच्या शेपटीसारखी सुटी तरंगणारी मज्जातंतूंची मुळं एकमेकांना चिकटतात, शिजलेल्या शेवया गार झाल्यावर होतात तसा गोळा. क्षयाच्या मेंदूज्वरानंतर हे होतं, पाठीच्या ऑपरेशननंतर होतं, पूर्वी मायोडिल नावाचा तेलकट डाय पाठीत टोचून एक्सरे काढायचे त्यानेही पुष्कळांना झालं.

आणि आता ऐका, कधीकधी ही मुळं मध्ये गोळा न होता पिशवीच्या भिंतीलाच चिकटून बसतात, मग एमआरआयमध्ये पिशवीत नुसतं पाणी दिसतं, आणि रेडिओलॉजिस्ट त्याला म्हणतात 'एम्प्टी सॅक'. रिकामी पिशवी! शोथातून शून्य, थेट फोटोत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर सांगत सुटलो होतो, कोणी लक्ष दिलं नाही ते सोडा.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर लिहिताना 'जालतानिकेचा आसंजक शोथ' लिहा. मावशीला मात्र यातलं काही सांगू नका, 'आतल्या पडद्याला सूज येऊन नसा एकमेकींना चिकटल्यात' एवढंच सांगा, आणि ती शून्याची गोष्ट सांगायचीच असेल तर तिची कंबर जरा बरी असेल त्या दिवशी सांगा.