जुन्या पद्मिनीला कमी खर्चात रंग

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालू स्थितीत आहे; मात्र तिचा रंग पार उडाला असून दरवाज्यांच्या खालच्या कडांना गंजाचे फोड आले आहेत. मोठ्या वर्कशॉपने सांगितलेला खर्च परवडणारा नाही. नाक्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला बऱ्याच कमी पैशांत पूर्ण गाडी रंगवून द्यायला तयार आहे. त्याच्याकडे गाडी द्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य द्यावी, पण पैसे कोठे वाचवायचे हे आपण ठरवावे, त्याच्यावर सोडू नये. रंगकामातली खरी मेहनत रंग मारण्याआधीच्या पत्र्याच्या कामात आणि घिसाईत असते, आणि दर कमी केला की कात्री नेमकी तेथेच लागते. आपण लिहिलेले गंजाचे फोड वरून दिसतात तेवढेच नसतात. दरवाज्याच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजली की पत्रा आतून सडत येतो, आणि अशा पत्र्यावर पुट्टी थापून रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात फोड पुन्हा वर येतात. म्हणून सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे, उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारणे आणि पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड न भरणे, या गोष्टी दर ठरवतानाच कबूल करून घ्याव्यात. प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा. पुढे पुट्टीच्या जाडीबद्दल शंका आलीच, तर मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. ते जेथे धरत नाही, तेथे पुट्टीचा थर जाड आहे असे समजावे.

बचत मजुरीत करता येते. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, दिवे आणि काचांची रबरे आपणच घरी काढून, चिठ्ठ्या लावून ठेवावीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे केव्हाच थांबले असल्याने घाईत वाकलेली पट्टी पुन्हा मिळवणे जिकिरीचे असते. शिवाय रबरावर टेप लावून रंगवलेल्या गाडीचा रंग पुढे त्याच कडेपासून सुटू लागतो.

जुना रंग कोणता आहे, हे डिकीच्या आतल्या बाजूस थिनरचा बोळा घासून पाहावे. रंग विरघळून बोळ्याला लागला, तर त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू देऊ नये, कारण खालचा थर सुरकुततो. तो आधी खरवडून काढावा लागतो. बूथ, म्हणजे रंग फवारण्याची धूळमुक्त बंद खोली, नसलेल्या गॅरेजमध्ये मेटॅलिकच्या, म्हणजे चमकीच्या रंगाच्या, मोहात पडू नये. त्याचे फवारे एकसारखे बसले नाहीत की ढगाळ डाग दिसतात. साधा, मूळचाच रंग पीयूमध्ये घ्यावा. या गाडीला तोच शोभतो, आणि रंग बदलल्यास आरटीओकडे करावी लागणारी नोंदही टळते. काम पावसाळ्यात मुळीच काढू नये. रंग झाल्यावर निदान महिनाभर वॅक्स लावू नये आणि गाडी बंद कव्हराखाली ठेवू नये.